सतरा गावे आणि तीन रात्री

वाचकाचे पत्र

आम्ही डोंबिवलीला राहतो. माझ्या सासूबाईंचे वय 72 असून चार महिन्यांपूर्वी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. आता त्या काठी घेऊन घरात आणि सोसायटीच्या आवारात नीट फिरतात. शस्त्रक्रियेआधी त्यांनी कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेला नवस बोलला होता. तो फेडण्यासाठी जानेवारीच्या उत्तरार्धात आम्ही आमच्या गाडीने गोव्याला निघणार आहोत. तारखा अजून पक्क्या नाहीत. सोबत अकरा वर्षांचा मुलगा आहे आणि हाताशी आठ दिवस आहेत. एवढा लांबचा प्रवास एका दमात करण्यापेक्षा वाटेत समुद्रकाठच्या गावांत थांबत, विसावा घेत जावे असे मी सुचवले आणि यजमानांनी ते आनंदाने मान्यही केले. पण त्यांनी केलेल्या यादीत अलिबाग, मुरूड-जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले, शिरोडा, तेरेखोल आणि शेवटी कवळे अशी सतरा ठिकाणे आहेत, आणि रोज नवा मुक्काम आहे. ती यादी पाहूनच मला दमायला होते. मात्र ‘एवढ्या दूर जाऊन एकाच गावात बसून राहायचे का?’ या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कोणती गावे ठेवावीत आणि कोणती गाळावीत? ज्यांना वाळूत चालणे अवघड आहे, त्यांना समुद्रावर नेण्यात काही अर्थ आहे का?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, आधी उत्तर देते आणि कारणे मागाहून सांगते. कवळे सोडून उरलेल्या सोळा गावांपैकी दोनच गावे मुक्कामाला ठेवा. जाताना गुहागरला तीन रात्री राहा आणि गोव्याच्या हद्दीअलीकडे शिरोड्याला दोन. सहावी रात्र कवळ्याला, सातवी परतीच्या वाटेवर कोल्हापूरला आणि आठव्या दिवशी संध्याकाळी घर. बाकीची चौदा गावे आपल्या जागी राहतील आणि तुमचे यजमान पुढच्या खेपांना ती एकेक करून मनसोक्त पाहू शकतील. या खेपेला ती गाळावीत असे मी ठामपणे सांगते आहे.

यजमानांची चूक झाली असेल तर ती नकाशा पाहण्यात झाली आहे, आणि ती कोकणात गाडी घेऊन जाणाऱ्या पुष्कळ जणांची होते. नकाशावर ही गावे एका माळेत ओवल्यासारखी दिसतात आणि दोन गावांमधले अंतर बोटभरही नसते. प्रत्यक्षात त्या माळेचा दोरा जागोजागी खाड्यांनी तुटलेला आहे. सावित्रीची बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची, मुचकुंदीची पूर्णगडची, पुढे जैतापूर, विजयदुर्ग, आचरा, कर्ली, तेरेखोल अशी एकेक खाडी ओलांडताना एक तर फेरीबोटीची वाट पाहावी लागते किंवा पुलासाठी आत वळसा घ्यावा लागतो. खाडी ओलांडली की रस्ता घाटीने सड्यावर चढतो, जांभ्याच्या उघड्या माळावरून काही मैल धावतो आणि पुढच्या गावासाठी पुन्हा वळणे घेत समुद्राच्या पातळीवर उतरतो. नवे गुडघे घेऊन मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला यातले प्रत्येक वळण आणि प्रत्येक ब्रेक जाणवतो. हमरस्त्यावर एका तासात जेवढे अंतर कापले जाते, त्याच्या जेमतेम निम्मे या सागरी रस्त्यावर कापले जाते, असे धरूनच बेत आखावा.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही वडिलांना घेऊन याच किनाऱ्याने गेलो होतो आणि चार दिवसांत सहा गावे केली होती. आमच्या दृष्टीने सहल उत्तम चालली होती. चौथ्या दिवशी दुपारी गाडी एका देवळापाशी थांबली, तेव्हा वडिलांनी खाली न उतरता शांतपणे विचारले, “आता हे कोणते गाव?” मी गावाचे नाव सांगितले. ते म्हणाले, “तुम्ही जाऊन या, मी इथेच बसतो.” त्या चार दिवसांत त्यांनी किती गोष्टी गाडीच्या काचेतूनच पाहिल्या असतील, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले. त्यानंतर वडीलधाऱ्या माणसांसोबत जाताना निदान एका गावी तीन रात्री नाहीत असा बेत मी कधी केलेला नाही.

तीनच रात्री का, असे यजमान विचारतील. पहिला दिवस प्रवासात जातो आणि त्या रात्री नव्या जागी झोप धड लागत नाही. दुसऱ्या दिवशी अंग आंबलेले असते. त्या दिवशी माणूस फक्त जागेची ओळख करून घेतो : पाणी कधी तापते, समुद्राचा आवाज कोणत्या बाजूने येतो, सकाळचे ऊन पडवीत कुठपर्यंत येते. विसावा खरा मिळतो तो तिसऱ्या दिवशी, जेव्हा काही शोधायचे, विचारायचे किंवा आवरायचे उरलेले नसते. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला गावपळणीची रूढी आहे. काही वर्षांनी एकदा ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन सगळे गाव गुरे-वासरे आणि कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर पडते, झोपड्या उभारून तीन दिवस आणि तीन रात्री तिथे राहते आणि मग परतते. त्यामागची श्रद्धा वेगळी आहे, पण रोजच्या घरापासून खरोखर दूर झालो असे वाटायला तीन रात्री लागतात, हे त्या गावाला ठाऊक असावे असे मला नेहमी वाटते. यजमानांना हे सांगून पाहा.

आता गुहागरच का, ते सांगते. पहिले कारण जमिनीचे आहे. कोकणातल्या पुष्कळ गावांत घरे उतारावर असतात आणि घरापासून समुद्रापर्यंत जायला पाखाडी उतरावी लागते. या पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या उंचसखल असतात, सावलीत शेवाळलेल्या असतात आणि त्यांना कठडा नसतो. गुडघ्यांच्या माणसाला त्या उतरताना अधिक त्रास देतात. गुहागर मात्र किनाऱ्याला समांतर, एका सरळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबवर पसरलेले सपाट गाव आहे. वरचा पाट आणि खालचा पाट अशा त्याच्या वस्त्या आहेत. रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला सुरूची झाडे आणि पलीकडे थेट पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, अशी तिथली रचना आहे. सासूबाईंना पडवीतून समुद्रापर्यंत एकही मोठी पायरी न उतरता जाता येईल, अशी घरे तिथे मिळतात. दुसरे कारण अंतराचे आहे. डोंबिवलीहून गुहागर साधारण पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर पडते आणि तुमचा जाण्याचा प्रवास तिथे जवळजवळ निम्मा होतो. तिसरे कारण असे, की चिपळूण पाऊण-एक तासाच्या अंतरावर आहे आणि सावर्ड्याजवळ डेरवणला मोठे रुग्णालय आहे. त्याची गरज पडणार नाही, पण ते जवळ आहे एवढे माहीत असले तरी सोबतच्या माणसांची झोप शांत होते.

मुक्कामाची जागा ठरवताना छायाचित्रांवर विसंबू नका, फोन करा. “समुद्राला लागून” असे लिहिलेल्या एका घरगुती निवासात आम्ही एकदा उतरलो. समुद्र खरोखरच लागून होता, पण चाळीस पायऱ्या खाली. म्हणून घरमालकांना नेमके प्रश्न विचारा. खोली तळमजल्यावर आहे का आणि गाडी दारापर्यंत येते का? अंगणातून पडवीत आणि पडवीतून ओटीवर चढताना किती पायऱ्या आहेत? त्यांची उंची वीतभर आहे की हातभर? जुन्या घरांचे उंबरठे उंच असतात, तेव्हा उंबरठ्याचेही विचारा. कमोड आहे का, त्याच्या बाजूला धरायला दांडी आहे का आणि न्हाणीची फरशी गुळगुळीत आहे का? पलंग गुडघ्याएवढा उंच हवा. गादी जमिनीवर घालणारी घरे अजून आहेत आणि सासूबाईंना ते चालणार नाही. शेवटचा प्रश्न जेवणाचा. पथ्य असेल तर ते आधी सांगितलेले बरे, कारण गुहागरच्या घरगुती खाणावळीत किती माणसे जेवणार हे सकाळी कळवले तरच दुपारचा स्वयंपाक होतो. मऊ भात, मेतकूट, कुळथाची पिठी, घावणे, आगळाची सोलकढी हे तिथले रोजचे जेवण आजारातून उठलेल्या माणसासाठी फार चांगले आहे. मोदक हवे असतील तर तेही आदल्या दिवशी सांगावे लागतात.

तारखा अजून ठरलेल्या नाहीत हे तुम्ही लिहिले, याचा मला फार आनंद झाला, कारण समुद्रावर जाणाऱ्याने तारीख ठरवताना भरती-ओहोटी पाहिली पाहिजे आणि शहरातून जाणारे आपण ते क्वचितच करतो. वाळूत चालता येत नाही त्यांना समुद्रावर न्यावे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच दडलेले आहे. कोरडी वाळू पायाखालून सरकते, पाऊल रुतते, घोटा वळतो आणि गुडघ्यावर ताण येतो. त्या वाळूत सासूबाईंना मुळीच चालवू नका. ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरल्यावर उघडी पडणारी ओली वाळू मात्र टणक आणि सपाट असते. काठीचे टोक तीत फारसे रुतत नाही, आणि कोणाचा तरी हात धरून दहा-पंधरा मिनिटे चालणे त्यांना जमू शकेल. तेवढी कोरडी वाळूची पट्टी ओलांडून देणे हे तुमचे आणि यजमानांचे काम. तिच्यावर रुंद फळी किंवा जाडसर सतरंजी अंथरली तर तेही सोपे होते.

ओहोटी कधी ते कसे कळावे? मुंबई बंदरासाठी जुनी माणसे एक सोपा हिशेब करतात. पंचांगातली तिथी घ्यावी, मग पक्ष शुद्ध असो वा वद्य, आणि तिला पाऊणने गुणावे. जो आकडा येईल तितके वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती. दक्षिणेकडे जावे तशी ही वेळ थोडी अलीकडे येते, म्हणून गुहागरसाठी पाऊण-एक तास आधीची वेळ धरावी. यावरून तुमचे दिवस आपोआप ठरतात. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर भरती सकाळी दहा-अकराला आणि ओहोटी संध्याकाळी साडेचार-पाचला येईल. म्हणजे ऊन उतरल्यावर, सूर्यास्ताच्या आधी तास-दीड तास, ती टणक वाळू तुमच्यासाठी उघडी असेल. शिवाय ते उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप मागे जाते आणि पट्टाही रुंद मिळतो. अष्टमीच्या सुमारास गेलात तर भर दुपारी ओहोटी आणि संध्याकाळी भरती, असा उलटा प्रकार होईल. नेमक्या दिवसाची वेळ मुक्कामाच्या घरी विचारून घ्यावीच, पण तारखा निवडायला हा हिशेब पुरेसा आहे. 26 जानेवारीला जोडून शनिवार-रविवार येत असेल तर ते दिवस टाळा. त्या वेळी किनाऱ्यावर गर्दी असते आणि हवी ती खोली मिळत नाही.

गुहागरला तीन दिवस करायचे काय, ही यजमानांची शंका रास्त आहे. माझी सूचना अशी, की चौघांनी सगळीकडे एकत्र जाण्याचा आग्रह सोडावा. व्याडेश्वराचे देऊळ बाजारात, रस्त्यालगतच आहे आणि वरच्या पाटातले दुर्गादेवीचे देऊळ गाडीने काही मिनिटांवर आहे. ही दोन दर्शने सासूबाईंसह एका निवांत संध्याकाळी होतात. खालच्या पाटात उफराटा गणपती आहे. समुद्र गावावर चढून येऊ लागला तेव्हा पूर्वेकडे तोंड असलेल्या या गणपतीने पश्चिमेकडे तोंड फिरवून त्याला थोपवले, अशी कथा तिथे सांगतात. ती मुलाला आजीच्याच तोंडून ऐकू द्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे यजमान आणि मुलगा या दोघांनी अंजनवेलला जाऊन गोपाळगड पाहावा. दाभोळच्या खाडीच्या मुखावरचा तो किल्ला यजमानांच्या यादीत नसला तरी त्यांना नक्की आवडेल. तिथून धोपावे गाठून फेरीबोटीने खाडीपलीकडे दाभोळला गेले तर चंडिकादेवीचे गुहेतले मंदिर आहे. आत वीज नाही, समयांच्या उजेडात वाकून जावे लागते, म्हणून ते दर्शन याच दोघांनी घ्यावे. दुपारच्या जेवणापर्यंत ते परततील आणि तोवर तुम्ही दोघी वाडीत बसाल. ताई, त्या सकाळी तुम्ही काहीही करू नका, अशी माझी तुम्हाला वेगळी विनंती आहे. चार महिने शुश्रूषा करणाऱ्या माणसाला विसावा हवा हे घरात कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि तुमच्याही पत्रात तुमच्यासाठी एकही वाक्य नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी गाडीने वेळणेश्वर आणि हेदवीला जावे. वेळणेश्वरचे शंकराचे देऊळ किनाऱ्याशीच आहे. हेदवीला टेकडीवर दशभुज गणपतीचे देऊळ आहे. गाडी वरपर्यंत जाते, तरी शेवटच्या पायऱ्या सासूबाईंनी स्वतः पाहून चढायचे की नाही ते ठरवावे. खाली समुद्रालगत उमामहेश्वराच्या देवळापासून थोड्या अंतरावर बामणघळ आहे. कातळाला पडलेल्या त्या अरुंद चिरेत भरतीची लाट घुसते आणि वाट न मिळाल्यामुळे पाणी कारंज्यासारखे उंच उसळते. उधाणाच्या दिवसांत सकाळी दहा-अकराला भरती असताना गेलात तर ते दृश्य पूर्ण भरात दिसेल. संध्याकाळच्या ओहोटीसाठी निवडलेल्या तारखा इथेही उपयोगी पडतात. मात्र कातळ ओला आणि निसरडा असतो. मुलाचा हात सोडू नका आणि कडेशी मुळीच जाऊ देऊ नका. सासूबाईंनी देवळाच्या आवारात बसून लाटेचा आवाज ऐकावा.

मुलासाठी आणखी एक गोष्ट. गुहागरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री अंडी घालायला येतात. ती अंडी कुंपण घातलेल्या जागेत जपली जातात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. जानेवारीत पिल्ले दिसतीलच असे नाही, पण कुंपणाशी काम करणाऱ्या कासवमित्रांना वेळ विचारून भेटलात तर ते मुलाला सगळे समजावतील. रात्री किनाऱ्यावर बॅटरीचा झोत टाकू नये आणि गाडी तर कधीच वाळूवर नेऊ नये, हे मुलाइतकेच यजमानांनाही सांगा.

गाळलेल्या गावांपैकी मालवणबद्दल यजमान सर्वांत जास्त हळहळतील, हे मी समजू शकते. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग, तटात जपलेले त्यांच्या हातापायांचे ठसे, चोहोबाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे सगळे अकरा वर्षांच्या मुलाला दाखवावे असेच आहे. पण तिथे जायचे तर हलणाऱ्या होडीत चढणे-उतरणे आले आणि किल्ल्यात उन्हातली चाल आली. सासूबाईंना काठावर बसवून तिघांनी जायचे, किंवा त्यांच्यासाठी सगळ्यांनी अर्धवट पाहून परतायचे, यातले काहीच सिंधुदुर्गाला शोभणारे नाही. मुलाच्या दिवाळीच्या सुट्टीत बापलेकांनी मालवणला वेगळे जावे. विजयदुर्गही त्याच खेपेत होईल.

चौथा दिवस लांब आहे, म्हणून लवकर निघा. गुहागरहून चिपळूणला उलटे न जाता हेदवीवरून तवसाळला जा आणि तिथे गाडीसह फेरीबोटीत चढून शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला उतरा. सासूबाईंना गाडीतून उतरावेही लागत नाही आणि खाडीचा वारा खिडकीतून आत येतो. पुढे वाटेवर गणपतीपुळे लागते. तिथे दर्शन घ्यावे, प्रदक्षिणा घालू नये, कारण ती अख्ख्या डोंगराला घालावी लागते. तिथून निवळीला हमरस्त्यावर या आणि हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवलीवरून कुडाळपर्यंत सरळ जा. मग वेंगुर्ल्यावरून शिरोडा. या दिवशी यादीतले दुसरे काही पाहायचे नाही, एवढे वचन यजमानांकडून घ्या.

शिरोड्याची निवड मी दोन कारणांनी केली. तिथून कवळे सकाळच्या प्रवासाचे आहे, म्हणजे देवीसमोर सासूबाई ताज्यातवान्या उभ्या राहतील. आणि हे गाव अजून आपल्याच व्यवहारात आहे. पाहुण्यांसाठी त्याने आपले रूप बदललेले नाही. बाजारातून वेळागरच्या किनाऱ्याकडे जाताना सुरूचे बन लागते. सकाळी रापण ओढली जात असेल तर किनाऱ्यावर खुर्ची टाकून सासूबाईंना ते दाखवा. दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या रांगा जाळे हळूहळू काठाकडे आणतात, शेवटच्या काही हातांत पाणी चमकू लागते आणि मग बांगडे-तारल्या वाळूवर उड्या मारतात. बसल्या जागी पाहता येणारी याहून चांगली गोष्ट मला या किनाऱ्यावर माहीत नाही. गावाजवळची मिठागरे मुलाला अवश्य दाखवा. 1930 साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता, हे त्याच्या इतिहासाच्या पुस्तकाशी जोडता येईल. जवळच आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. रात्री देव गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेने भक्त त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात, आणि नवसाला केळ्यांचे घड. नव्याने चालायला शिकलेल्या तुमच्या सासूबाईंना हा चालणारा देव फार जवळचा वाटेल.

कवळ्याला देवस्थानच्या अग्रशाळेत खोली मिळते, पण ती आधी सांगून ठेवावी लागते, आणि तळमजल्याचा आग्रह तिथेही धरा. परतीला सावंतवाडी-आंबोली मार्गे कोल्हापूर गाठा. शेवटच्या दिवसाचे अंतर मोठे आहे, तरी रस्ता चांगला आहे. ते फार वाटले तर शिरोड्याची एक रात्र कमी करून साताऱ्याला मुक्काम वाढवा. गुहागरची रात्र मात्र कमी करू नका.

निघण्याआधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना विचारून घ्या की एका वेळी किती वेळ बसलेले चालेल, पायांत घट्ट मोजे घालावेत का आणि कोणती औषधे सोबत असावीत. त्यांनी वेगळे सांगितले नाही तर दर तासाभराने गाडी थांबवून सासूबाईंना पाच मिनिटे पायी चालवा. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा आणि ती सीट पूर्ण मागे सरकवा. पहिल्या दिवशी पहाटे सहाला निघालात तर दुपारी तीनपर्यंत गुहागरला पोचाल. अंधार पडल्यावर हमरस्त्यावर नको आणि घाटात तर नकोच. एवढा वेळ गाडीत बसणे डॉक्टरांना पसंत नसेल तर सासूबाई आणि तुम्ही कोकण रेल्वेने पनवेलहून चिपळूणपर्यंत यावे आणि यजमानांनी स्टेशनवर घ्यायला यावे. डब्यात उठून चालता येते, हा गाडीपेक्षा मोठा लाभ आहे. चिपळूण सोडताना पेट्रोल भरून घ्या, पुढे शृंगारतळीच्या बाजारात औषधे, फळे आणि रोख पैसे मिळतात. पाठ असलेली एक घडीची खुर्ची घरूनच न्या. किनाऱ्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय वाळूत रुततात आणि त्या कलंडतात.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. तुमच्या पत्रात यजमानांना काय पाहायचे आहे ते आहे आणि तुम्हाला कशाची काळजी वाटते तेही आहे. पण सासूबाईंना स्वतःला काय हवे आहे, याबद्दल एक शब्दही नाही. खोली ठरवण्याआधी त्यांच्यापाशी बसून विचारा. नवस बोललेल्या पुष्कळ बायकांना आधी देवीपुढे उभे राहून ओटी भरायची असते आणि तोवर त्यांना कुठेच स्वस्थ वाटत नाही. त्या तसे म्हणाल्या तर माझा सगळा क्रम उलटा करा. पहिल्या दिवशी घाटमार्गे कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी कवळे, तिथून शिरोड्याला दोन रात्री, आणि परतताना गुहागरला तीन. भरतीचा हिशेब मग त्या तीन तारखांसाठी नव्याने करावा लागेल.